अकरा निळे दगड

खोटं बोललात तुम्ही, साहेब! तोंडाने नाही, सही करून बोललात. वर गोल शिक्का मारून बोललात. उल्हास नदीला पूर आला की उंबरपाड्यातली सात घरं पाण्याखाली जातात, असं तुमच्या कागदावर ठळक अक्षरांत छापलंय. त्या सातांपैकी एका तरी घराचा उंबरठा तुम्ही पाहिला होतात? बुटांना चिखल लागेल म्हणून गाडीची काचसुद्धा खाली केली नव्हतीत. तरीही 'घर रिकामं करा' असं लिहिताना तुमचा हात जरासुद्धा अडखळला नाही!

तो कागद अक्षदाने पाहिला तो दिवाळीच्या सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी. तिच्या गोदूमावशीच्या दारावर कुणीतरी खळ लावून चिकटवला होता आणि खळ अजून ओली होती.

"मावशी, हे काय आहे?"

मावशी अंगणातल्या चुलीवर चकल्या तळत होती. "वाच की. माझा चष्मा आत हाय."

अक्षदा तेरा वर्षांची. अंबरनाथच्या बुवापाड्यात राहणाऱ्या रघू गवंड्याची मुलगी. सुट्टी लागली की बदलापूरच्या पुढे, जांभूळच्या वाटेवर नदीकाठच्या उंबरपाड्यात मावशीकडे यायचं, हे ठरलेलं. या वेळी तिच्यासोबत उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून तिचा आतेभाऊ भावेशही आला होता. मावशीचा मुलगा प्रज्वल आणि शेजारची दहा वर्षांची चिमी, अशी चौकडी जमली होती. नदीत कुठे डुंबायचं, कुणाच्या शेतात काकड्या आहेत, असे बेत चालले होते. ते सगळे त्या कागदाने एका दमात उधळून लावले.

"सदर बांधकाम निळ्या पूररेषेच्या आत येत असल्याने," अक्षदा वाचत होती आणि तिचा आवाज बारीक होत चालला होता, "नोटिशीच्या तारखेपासून पंधरा दिवसांत स्वतःहून निष्कासित करावे..."

"निष्कासित म्हणजे?" चिमीने विचारलं.

"पाडणे," प्रज्वल म्हणाला. "पाडणे म्हणायची लाज वाटली, की मोठी माणसं निष्कासित म्हणतात."

"आणि तारीख बघ!" भावेश ओरडला. "दहा दिवस जुनी तारीख टाकलीय! आज चिकटवला, म्हणजे उरले किती? पाच! ये क्या मजाक है?"

खाली अजून एक ओळ होती. सोमवारी साहेब पाहणीला येणार होते.

कढईतल्या चकल्या काळ्या पडल्या. मावशीला त्याचा पत्ताच नव्हता. ती घराकडे बघत बसली होती. हे घर अक्षदाच्या बाबांनी, रघूने, स्वतःच्या हाताने बांधलं होतं. भिंती उभ्या राहिल्या तेव्हा अक्षदा पाच वर्षांची होती आणि एकेक वीट छातीशी धरून आणून देत होती. मावशीला दुसरं घर नव्हतं, दुसरी जागा नव्हती.

चिमीचे आजोबा, जनूबाबा, काठी टेकत आले. त्यांच्याही हातात तसाच कागद होता. रागाने त्यांच्या मिशा थरथरत होत्या.

"पानी? इथं?" ते कडाडले. "एकोणीस साली केवढा पूर आला! खालच्या वस्तीतली साठ मानसं जीव वाचवायला पळत आली ती याच पाड्यात. तुझ्या मावशीनं तीन दिवस त्यांना भात शिजवून घातला. जिथं पुरात लोक आसरा घेतात, तेच घर पुरात जातं म्हंतात हे मेले!"

"मग हे साहेबांना सांगा ना, बाबा!"

"सांगितलं नाय होय? आत्ताच फोन केला. म्हंतात, आठवणी नकोत, पुरावा आणा."

अक्षदाने कागदाची घडी केली आणि फ्रॉकच्या खिशात कोंबली. तिचे कान तापले होते.

"पुरावा पाहिजे ना? आणू या पुरावा!"

*

निळी पूररेषा म्हणजे जमिनीवर आखलेली रेघ नव्हे. पुराचं पाणी जिथवर येतं तिथे तिथे गुडघ्याएवढे दगड रोवतात, त्यांना निळा रंग देतात आणि वर आकडे घालतात. उंबरपाड्याजवळ असे अकरा दगड होते. नववा दगड गोदूमावशीच्या घराच्या मागे, पेरूच्या झाडाशी उभा होता.

"म्हणजे नदी पुढच्या अंगणातून घरात शिरणार आणि मागच्या पेरूपाशी थांबणार," प्रज्वल म्हणाला. "पेरू खायला थांबत असेल."

अक्षदा दगडामागे उकिडवी बसली, एक डोळा मिटला आणि समोर बघत राहिली. उतारावर आठवा दगड, त्याखाली सातवा, सहावा, पाचवा... थेट खाली नदीकाठी पहिला.

"प्रज्वल, इकडे ये. माझ्या जागी बस. काय दिसतं?"

"दगड."

"अरे, कसे दिसतात?"

"एकाखाली एक. कवायतीला उभी केलेली पोरं वाटतात."

"तेच! एकही दगड ओळीबाहेर नाही!" अक्षदा ताडकन उठली. "नदी बघ कशी वळत जाते. जमीन बघ, इथे टेकाड, तिथे खोलगट. मग पुराची कड एवढी सरळ कशी? पाणी काय दोरी धरून चालतं?"

दोरी! स्वतःच्याच शब्दाशी ती थबकली. वाकून दगडाच्या बुडाशी माती उकरू लागली. दोन मिनिटांत बोटांना खिळा लागला आणि खिळ्याला वीतभर पिवळा दोरा.

"ही गवंड्याची लाइनदोरी आहे," ती म्हणाली. "बाबा कंपाउंडची भिंत घालतात तेव्हा या टोकाला खिळा, त्या टोकाला खिळा, मध्ये दोरी ताणायची आणि पहिला थर लावायचा. ज्याने हे दगड लावले ना, त्याला फक्त कंपाउंड घालता येतं. त्याने पूररेषा कंपाउंडसारखी लावली!"

मागोमाग आलेल्या जनूबाबांनी कपाळावर हात मारला. "आधीचे दगड असे नव्हते गं! पुरानंतर मोजणीवाले आले ते तीन पायांची दुर्बीण घेऊन आठ दिवस फिरले. दगड कसे, सापासारखे वळत गेले होते. खालचं अख्खं सपाट रान रेघेच्या आत होतं अन् आपला पाडा बाहेर. मग औंदा नवरात्राच्या आधी चार मानसं आली. म्हंली, रंग उडालाय, दगड रंगवायला नेतो. अन् परत लावले अर्ध्या दिवसात!"

"आणि तुम्ही विचारलं नाही, कुठे लावताय म्हणून?"

"च्या पाजला मी त्यांना!" बाबा काठी आपटत म्हणाले. "गूळ घालून!"

आता नवी ओळ कुठून जाते ते मुलांनी चालत जाऊन पाहिलं. दगड एक ते सहा नदीच्या अगदी काठावर होते. त्यांच्या मागे ते सपाट रान, चारी बाजूंनी पत्रे ठोकलेलं, वर भलामोठा फलक: 'नदीकिनारी तुमच्या स्वप्नातलं घर'. ते रान आता पूररेषेच्या बाहेर! मग नदी पाड्याच्या कातळाला वळसा घालून डावीकडे जात होती. पण दोरी कशाला वळसा घालतेय? ती सरळ पुढे गेली होती, चढ चढून, सात घरांच्या मागून.

अक्षदाला सगळ्यात जास्त राग आला तो याचा. सात घरं कुणी मुद्दाम पकडलीसुद्धा नव्हती. ती कुणाच्या लक्षातच नव्हती! कुणालातरी खालचं रान सोडवायचं होतं, कुणीतरी दोरी ताणली आणि दोरीच्या पलीकडे कोण राहतं हे बघायलाही कुणी मान वर केली नाही.

*

"पण हे सिद्ध कसं करायचं?" भावेशने विचारलं. "दोरा दाखवला तर म्हणतील, पतंगाचा आहे."

"समोच्च रेषा," अक्षदा म्हणाली.

"समुद्रसपाटीपासून समान उंचीवरील ठिकाणांना जोडणारी काल्पनिक रेषा!" प्रज्वलने डोळे मिटून घडाघडा म्हटलं. "दोन गुण."

"दोन गुणांसाठी पाठ केलीस. कळली का?"

"पाठ केल्यावर परत कळायला कशाला पाहिजे?"

अक्षदाने घमेलं ओढलं. आत ओली माती थापून टेकाड केलं, एका अंगाला चढाचं, दुसऱ्या अंगाला पसरट. मग चिमीला म्हणाली, "हळूहळू पाणी ओत."

पाणी चढलं आणि थांबलं. अक्षदाने काडीने पाण्याच्या कडेकडेने रेघ ओढली. ती रेघ कुठे आत वळली, कुठे बाहेर आली, पण सरळ कुठेच गेली नाही.

"हे बघ तुझे दोन गुण. जिथे जिथे पाणी टेकलं, त्या सगळ्या जागा एकाच उंचीवर. पाण्याने स्वतः काढलेली समोच्च रेषा. पुराची कड म्हणजे जवळजवळ हेच. म्हणजे दगड खरे असतील तर खालचा चौथा दगड आणि इथला नववा दगड साधारण एका उंचीवर पाहिजेत."

"आणि नसतील तर?" चिमी म्हणाली.

"तर दगड खोटे! आणि ते मोजता येतं. बाबांकडे पाणनळी असते ना, तिने."

पाणनळी म्हणजे लांबलचक पारदर्शक नळी. तिच्यात पाणी भरायचं. एक टोक इथे धरा, दुसरं पार तिकडे. दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीवर उभं राहतं. पाण्याला कुणाची भीती नाही आणि कुणाची ओळखही नाही.

"एवढंच ना?" भावेशने कॉलर ताठ केली. "पप्पा कामाला आहेत त्या सिंधी शेठच्या, साईंच्या हार्डवेअरमध्ये बंडलच्या बंडल पडलीयत. टेन्शन नहीं लेने का!"

तो दुपारीच कॅम्प पाचला गेला आणि गुरुवारी सकाळी परत आला तो गळ्यात तीस मीटर नळीचा हार घालून, सत्कारमूर्तीसारखा. "साईं म्हणाले, काम झालं की धुऊन परत. आणि पहिले मला विचारलं, पाण्याला चढावर चढवणारा हा अफलातून इंजिनिअर कोण आहे?"

अक्षदाने बाबांना फोन लावला. रघू कुठल्यातरी इमारतीच्या सातव्या मजल्यावर होता. मागून फरशी कापायचा करकराट येत होता.

"बुडबुडा राहू देऊ नकोस, अक्षे!" तो ओरडून सांगत होता. "नळीतला बुडबुडा म्हणजे फुटलेला साक्षीदार. आणि मोजत खाली गेलीस ना, तशीच मोजत परत वर ये. जाताना आणि येताना एकच आकडा आला, तर कुणाच्या बापाला घाबरायचं नाही!"

*

पहिल्या तासात नुसता गोंधळ झाला. चिमीने टोकावरचा अंगठा काढला आणि पाणी प्रज्वलच्या सदऱ्यात. मग बुडबुडे. मग भावेश आकडा वाचताना 'बहात्तर की सत्तावीस' यात अडकला. तेव्हा अक्षदाने कामं वाटून दिली. दोन बांबूंना शिंप्याच्या टेपा बांधल्या. वरच्या टोकाशी प्रज्वल, खालच्या टोकाशी भावेश, वहीत लिहायला ती स्वतः, आणि चिमीने फक्त बुडबुड्यांवर नजर ठेवायची. वरच्या बांबूवर पाणी जमिनीपासून किती उंच, खालच्या बांबूवर किती, दोन्हींतला फरक म्हणजे तेवढा उतार. मग प्रज्वलने भावेशच्या जागी यायचं, भावेशने पुढे जायचं.

नवव्या दगडापासून असे सहा टप्पे झाले. सातवा टप्पा चौथ्या दगडाशी संपणार होता आणि तो दगड पत्र्यांच्या फाटकाला लागून होता.

"ए पोरांनो! काय चाललंय इथे?"

फाटकातून जयदेव आला. प्लॉटवरचा मुकादम. डोळ्यांवर काळा चष्मा, हातात दोन मोबाइल.

प्रज्वल बांबू टाकून पळायच्या बेतात होता. पण भावेश कॅम्प पाचच्या बाजारात वाढलेला! तो हसत पुढे झाला.

"नमस्ते दादा! शाळेचा प्रोजेक्ट आहे. दिवाळीतपण छळतात बघा."

"कसला प्रोजेक्ट?"

"प्राकृतिक भूगोल. जमिनीचा उतार मोजायचा. कुणाला काही कळत नाही आमच्यात."

"भूगोल?" जयदेवने चष्मा कपाळावर चढवला. "अरे, भूगोलात मी वर्गात पहिला होतो!"

"काय सांगता! मग दादा, हे टोक तुम्हीच धरा ना. आमचा हात हलतो."

आणि जयदेवने ते टोक धरलं! चौथ्या निळ्या दगडाला बांबू टेकवून, जीभ दाताखाली धरून, त्याने आकडा स्वतः वाचला. "एक मीटर चौवेचाळीस! लिही, लिही. बरोबर वाचतो मी."

अक्षदाने मान खाली घालून लिहिलं. हसू दाबताना तिचा गाल दुखला.

तोवर चिमी फाटकातून आत डोकावली होती. पायासाठी खोल खड्डे खणलेले होते. खड्ड्याच्या भिंतीत वर वीतभर माती, खाली रेती, त्याखाली गोट्यांचा थर, परत रेती. "दादा, हे गोटे असे गोल कसे? आमच्या घराजवळचे दगड तर टोकदार आहेत."

"अगं, हे पाण्यातून आलेले आहेत," जयदेव मास्तरांच्या थाटात म्हणाला. "घासून घासून गोल होतात. नदी आणून टाकते. याला संचयन म्हणतात."

"म्हणजे नदी इथे येते?"

"पूर आला की यायची ना! हे सगळे थर पुराचेच."

"आणि आता?"

"आता नाही येणार. आता हे निळे दगड पुढे लावलेत ना."

प्रज्वलला राहवलं नाही. "दादा, दगड बघून नदी थांबते?"

"जास्त शहाणपणा नको हां!"

"तो लहान आहे, दादा," भावेश घाईघाईने म्हणाला. "सरांना खरं वाटत नाही, त्यांना साक्षीदाराची सही लागते. तुमच्यासारखा जाणकार माणूस कुठे मिळणार?"

जयदेवने अक्षदाच्या वहीत आकड्याखाली झोकात सही ठोकली. खाली तारीख, मोबाइल नंबर आणि 'भूगोलप्रेमी'.

खालून वर परत मोजत यायला दुपारचे दोन वाजले. उन्हाने मुलांच्या टाळक्याची चटणी झाली होती. पेरूखाली बसून अक्षदाने बेरीज केली. जाताना चार मीटर वीस सेंटिमीटर. येताना चार मीटर सतरा.

"तीन सेंटिमीटर चुकलं!" चिमी रडवेली झाली. "माझ्यामुळे?"

"अगं, सव्वाचार मीटरमागे तीन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. उलट चूक किती ते आपल्याला माहीत आहे. साहेबांना त्यांची माहीत आहे का?" अक्षदाने खालच्या पत्र्यांकडे बघितलं. मग हळूच म्हणाली, "इथे या पेरूला पाणी लागलं, तर तिथे खाली दोन माणसं एकाच्या खांद्यावर एक उभी राहिली, तरी वरच्याच्या डोक्यावरून पाणी जाईल. आणि तिथे लोक घर घेणार! पोरंबाळं घेऊन राहणार! कुणाला सांगणार ते? त्यांच्या कागदांवर तर लिहिलेलं असणार, की पूर येत नाही."

*

सोमवारी सकाळी अकराला पांढरी गाडी आली. साहेब उतरले, ते डांबरावरच उभे राहिले. मागून खांद्यावर पेटी घेऊन त्यांच्या कार्यालयातली तरुण इंजिनिअर उतरली. तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर राजसी असं नाव होतं. सातही घरांतली माणसं जमली होती. अर्धा दिवस रजा टाकून रघूही आला होता, केसांत सिमेंट तसंच. फाटकापाशी जयदेव उभा होता, मजा बघायला.

"पाच मिनिटांत आटपू," साहेब म्हणाले. "घरं रेषेच्या आत आहेत, दगड समोर आहेत. यात बोलण्यासारखं काही नाही."

"आहे," अक्षदा म्हणाली.

साहेबांनी आवाज कुठून आला ते शोधलं. मग खाली बघितलं. "बाळ, मोठ्यांचं काम चाललंय."

"मोठ्यांनीच केलंय, म्हणून तर बिघडलंय!" अक्षदाने वही उघडली. "चौथ्या दगडापेक्षा नववा दगड चार मीटर वीस सेंटिमीटर उंच आहे. आम्ही दोनदा मोजलं. दोन्ही दगड म्हणतात, पुराची कड इथे. एकाच पुराला दोन उंच्या कशा?"

साहेब हसले. मोठी माणसं अडकली की हसतात तसं. "नदीला उतार असतो, बाळ. सगळीकडे एक उंची नसते. एवढं तरी शिकवतात ना शाळेत?"

"शिकवतात. वरच्या अंगाला पातळी जास्त, खालच्या अंगाला कमी. बरोबर ना सर?"

"बरोबर!"

"चौथा दगड नदीच्या वरच्या अंगाला आहे आणि आमचा नववा खालच्या अंगाला. मग नववा दगड चौथ्याहून खाली पाहिजे. तो वर कसा? तुमचं पाणी चढ चढून मावशीच्या घरात येतं आणि जाताना वाटेतला प्लॉट कोरडा सोडतं?"

"आरारारा!" जनूबाबा मोठ्याने म्हणाले. गर्दीत हसू फुटलं.

साहेबांचं हसू मावळलं. "हे बघा, नळीबिळीने सरकारी मोजणी होत नाही. पोरांचे खेळ आहेत हे."

"पोरांचे नाहीत," भावेश म्हणाला. "साक्षीदार आहे. सहीसकट!" त्याने वही उंच धरली. "आकडा कुणी वाचला, विचारा त्यांना!"

सगळ्या माना जयदेवकडे वळल्या. तो एक पाऊल मागे सरकला. "मला... मला यांनी शाळेचा प्रोजेक्ट सांगितला होता!"

"खोटं कुठे सांगितलं, दादा? प्राकृतिक भूगोलच आहे हा," प्रज्वल म्हणाला.

राजसी मॅडम पुढे झाल्या. त्यांनी वही हातात घेतली आणि एकेक पान नीट पाहिलं. मग पेटी खाली ठेवली. "सर, मी लेव्हल लावते. वीस मिनिटं लागतील."

"गरज नाही."

"आहे, सर. पाहणीच्या अहवालात मोजमाप लिहावं लागतं. आणि तो अहवाल मी लिहिणार आहे."

तीन पायांची दुर्बीण उभी राहिली. रघू स्वतः होऊन मोजपट्टी घेऊन धावला. मावशीने पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मॅडमनी एकदा पाहिलं, लिहिलं, दुर्बीण हलवली, परत पाहिलं.

"चार मीटर एकोणीस सेंटिमीटर," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मुलांचं मोजमाप बरोबर आहे. हे दगड एका पुराचे असूच शकत नाहीत."

पाड्यात असा गलका उठला, की पेरूवरचे पोपट उडाले!

साहेबांनी रुमालाने मान पुसली. "नजरचूक झालेली दिसते. नोटीस मागे घेऊ. ऑफिसला गेल्यावर बघतो."

"ऑफिसला नको, इथंच लिवा," गोदूमावशी पुढे आली. इतके दिवस ती नीट जेवली नव्हती, पण आवाज खणखणीत होता. "घर पाडायचं कागदावर लिवलं तुम्ही. राहू देतो हे पन कागदावरच पायजे."

साहेबांनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि लिहिलं. सात घरांच्या नोटिसा रद्द. दगड पहिल्या मोजणीप्रमाणे परत लावेपर्यंत खालच्या प्लॉटचं काम बंद. सही, तारीख, शिक्का. मावशीने तो कागद दोन्ही हातांनी घेतला, प्रज्वलकडून दोनदा वाचून घेतला आणि मगच खाली बसली. मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

रघूने अक्षदाच्या डोक्यावर सिमेंटचा हात ठेवला. "तीन सेंटिमीटर? माझी पहिली भिंत याहून जास्त वाकडी होती!"

"मी कॉलेजात चार वर्षं शिकले," राजसी मॅडम चारही मुलांना म्हणाल्या, "पण मोजून, परत मोजून, चूकही वहीत लिहून ठेवायची सवय फार थोड्यांना असते. असंच काम करत राहा." जनूबाबांनी चिमीला खांद्यावरच घेतलं.

साहेबही पुढे झाले. आता सगळेच शाबासकी देत होते, मग त्यांनाही चेव आला. "वा! हुशार आहेत मुलं. सव्वीस जानेवारीला कार्यालयात सत्कार करू यांचा. प्रमाणपत्र देऊ!"

भावेशच्या डोळ्यांत क्षणभर चमक आली. पण अक्षदा हलली नाही. घर वाचलं होतं, तरी तिच्या छातीतला जाळ विझला नव्हता. साहेब गाडीचा दरवाजा उघडायला वळले, तशी ती जाऊन दरवाज्याला पाठ लावून उभी राहिली.

"सत्कार नको, सर. प्रमाणपत्र नको. दगड रंगवायला न्या, असं त्या माणसांना सांगितलं कुणी?"

"चौकशी करावी लागेल."

"दगड परत लावले त्या दिवशी तुमच्या ऑफिसातलं कोण इथे उभं होतं?"

"बाळ, बाजूला हो. मला मीटिंग आहे."

"आणि एकदाही न बघता आमच्या मावशीच्या घरावर सही ठोकणाऱ्याला किती दिवसांची नोटीस मिळणार? पंधरा? की पाच?"

साहेबांनी घड्याळ पाहिलं. मग ड्रायव्हरकडे पाहिलं. ड्रायव्हर नदीकडे बघत होता. प्रज्वल, भावेश आणि चिमी येऊन अक्षदाच्या शेजारी उभे राहिले. त्यांच्यामागे जनूबाबा, मावशी, रघू, सातही घरं. राजसी मॅडमनी वहीचं कोरं पान उघडलं आणि पेनाचं टोपण काढलं.

"आम्हाला सुट्टी आहे, साहेब," अक्षदा म्हणाली. "कितीही वेळ थांबू. नाव सांगा!"